डुकराच्या पिल्लांचं दूध तोडलं की दर बॅचला तीच हगवण, मग फीडमधलं फायबर वाढवायचं की काढायचं?

प्रॉब्लेम बहुतेकांचा एकच असतो. पिल्लं आईपासून तोडली, पहिले दोन-तीन दिवस काहीच नाही, मग चौथ्या-पाचव्या दिवशी एका पेनमध्ये, म्हणजे कप्प्यात, दोन पिल्लांच्या शेपट्या ओल्या दिसतात, दुसऱ्या दिवशी अर्धा पेन पातळ हगतो, पाण्यातून औषध दिलं की तीन-चार दिवसांत थांबतं आणि आपण म्हणतो चला सुटलो. पुढची बॅच तोडली की परत तेच, त्याच दिवसाच्या आसपास, बऱ्याचदा त्याच पेनपासून सुरुवात. औषध लागू पडतंय म्हणून निदान बरोबर आहे असं वाटतं, पण औषध फक्त त्या वेळचे जंतू मारतं, त्या जंतूंना पोटात जागा का मिळते ते तसंच राहतं.

मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो कोंडा टाक, पोट बांधलं जाईल. दुसरा म्हणतो लहान पिल्लाला फायबर म्हणजे विष, सगळं काढून टाक. गंमत म्हणजे दोघांनीही आपापल्या शेडमध्ये फरक पाहिलेला असतो, खोटं कोणीच बोलत नाही. फायबर हा एक पदार्थ नाहीये, त्यात तीन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी येतात, आणि कोणती कोणत्या वयाला दिली यावर उत्तर पूर्ण उलटं होतं.

आधी पोटात काय होतं ते बघू, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे वाटेल. २१ ते २८ दिवसांचं पिल्लू तोडलं की पहिला दिवस-दीड दिवस ते नीट खातच नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला जी बारीक बोटांसारखी लव असते, जिथून अन्न शोषलं जातं, ती या उपाशी काळात आखूड होते. मग भूक लागली की पिल्लू एकदम तुटून पडतं. पोटातलं आम्ल या वयात अजून कमी असतं, त्यामुळे सोयाबीनचं प्रोटीन धड पचत नाही आणि न पचलेलं प्रोटीन खाली मोठ्या आतड्यात जाऊन सडतं, त्यातून अमोनिया आणि इतर त्रासदायक पदार्थ तयार होतात. शेडमध्ये शिरल्यावर हगवणीला जो कुजका वास येतो तो यातूनच येतो. आणि हे सगळं ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या पथ्यावर पडतं. त्यातल्या एफ४ जातीला चिकटायची जागा पिल्लाच्या आतड्यात जन्मापासून असते, एफ१८ ला ती वय वाढेल तशी मिळते, म्हणून एफ१८ चा त्रास जास्त करून दूध तोडल्यावरच दिसतो.

आता फीडला हात लावायच्या आधी एक काम करा, हगवण नेमकी कोणती आहे ते बघा. फायबर बदलून रोटाव्हायरस जात नाही. तोडल्यापासून तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या मधे, पाण्यासारखी पिवळसर-राखाडी, पिल्लू लवकर सुकतं, डोळे खोल जातात, तर ई. कोलायचा संशय पहिला. पापण्या सुजल्यात, चाल डळमळीत आहे आणि तेही पेनमधल्या सगळ्यात चांगल्या वाढलेल्या पिल्लांत, तर तो एडीमा डिसीज, म्हणजे ई. कोलायच्या विषाने सूज येणारा आजार, असू शकतो, तिथे थांबू नका, लगेच व्हेटला बोलवा. ताप आणि हगवण दोन्ही असेल तर साल्मोनेला हा दुसरा जंतू डोक्यात ठेवा. पीएच पट्टी मिळत असेल तर ताज्या हगवणीत बुडवून बघा, ई. कोलायची बऱ्याचदा अल्कली बाजूला जाते, व्हायरल असेल तर आम्ल बाजूला, कारण तिथे न पचलेली साखर खाली जाऊन आंबते. यावरून निदान होत नाही, दिशा मिळते इतकंच. खरं उत्तर लॅबचं, आणि सॅम्पल औषध सुरू करायच्या आधी घ्यायचं, औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या सॅम्पलमधून नीट काही कळत नाही.

समजा ई. कोलाय आहे असं निघालं आणि दर बॅचला निघतंय. आता फायबरकडे या.

काही फायबर पाण्यात विरघळतं आणि पोटातला सगळा माल चिकट, घट्ट करतं. ग्वार गम, पेक्टिन आणि जवातला बीटा ग्लुकान ही त्यातली ओळखीची नावं. हे चिकट प्रकरण ताज्या तोडलेल्या पिल्लाला नको, कारण अन्न लहान आतड्यात रेंगाळतं आणि रेंगाळलेल्या अन्नावर ई. कोलाय वाढतो. शिजवलेल्या तांदळाच्या आहारात नुसतं चिकटपणा वाढवणारं कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज मिसळून केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं, आंबायला त्यात काहीच नव्हतं तरी पिल्लांची हगवण वाढली. म्हणजे 'फायबर म्हणजे विष' म्हणणाऱ्याच्या फीडमध्ये बहुतेक हे असणार.

दुसरं टोक म्हणजे न विरघळणारं, जाडसर, आंबायला चिवट फायबर, जसं की ओटची टरफलं आणि जाड गव्हाचा कोंडा. हे पोटातून माल पुढे ढकलतं, रेंगाळू देत नाही. तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत थोड्या प्रमाणात याचा फायदा होतो असं बऱ्याच ट्रायलमध्ये दिसलंय, विशेषतः शेड फार स्वच्छ नसेल तर. कोंड्यातले काही घटक एफ४ वाल्या ई. कोलायला आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाहीत असंही प्रयोगशाळेत दिसलंय. पण कोंडा जाड पाहिजे, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. तोच कोंडा हॅमर मिलमध्ये पीठ करून टाकला तर त्यातली अर्धी गंमत गेली. 'कोंडा टाकून काही झालं नाही' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न मी हाच विचारतो, की जाळी कितीची लावली होती.

आणि मधे येतं आंबणारं पण फार चिकट नसलेलं, म्हणजे बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटचा चोथा) आणि सोयाबीनची टरफलं. मोठ्या आतड्यातले चांगले जंतू हे खातात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट तयार होतं. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन, आणि ही आम्लं शोषली जाताना सोबत सोडियम आणि पाणीही आत ओढलं जातं, म्हणून आंबवण नीट चालली की मळ घट्ट होतो. शिवाय जंतूंना खायला फायबर मिळालं की ते प्रोटीनच्या मागे कमी लागतात, वास कमी येतो. फक्त हे काम करायला मोठं आतडं तयार लागतं आणि पाच दिवसांपूर्वी तोडलेल्या पिल्लाचं ते तयार नसतं. नवीन फायबरची सवय व्हायला डुकराच्या पोटाला तीन ते पाच आठवडे लागू शकतात. सोमवारी बीट पल्प टाकून शुक्रवारी रिझल्ट शोधू नका.

आता पोत्यावरच्या लेबलचं. तिथे 'क्रूड फायबर' इतके टक्के असं लिहिलेलं असतं आणि सगळे त्याच आकड्यावर भांडतात. हा आकडा काढायची पद्धत जुनी आहे, तीत हेमिसेल्युलोजचा मोठा भाग आणि विरघळणारं फायबर जवळजवळ सगळं निसटून जातं. गव्हाच्या कोंड्यात क्रूड फायबर साधारण दहा टक्के दाखवतं पण एनडीएफ, म्हणजे न विरघळणारं फायबर जास्त नीट मोजणारा आकडा, बघितला तर चाळीसच्या आसपास निघतो. आणि बीट पल्पमधलं पेक्टिन एनडीएफमध्येसुद्धा येत नाही. त्यामुळे एकाच क्रूड फायबरच्या दोन फीड पिल्लाच्या पोटात एकदम वेगळ्या वागू शकतात, कंपनी बदलली आणि हगवण सुरू झाली पण लेबल तर सेम आहे, या तक्रारीमागे बऱ्याचदा हे असतं. पुरवठादाराला आकडा विचारू नका, फायबर कशातून आलंय ते विचारा.

आता फीडमध्ये प्रत्यक्ष काय बदलायचं. तोडल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या फीडमध्ये जाड कोंडा किंवा ओटची टरफलं दोन ते चार टक्के, त्याच्या वर जाऊ नका, पिल्लाचं पोट लहान असतं, फायबरने भरलं तर एनर्जी कमी पडते आणि वजन मार खातं. पुढच्या एखाद्या बॅचला याच फीडमधलं क्रूड प्रोटीन (एकूण प्रोटीन) अठरा टक्क्यांच्या आसपास खाली आणा, पण लायसिन, थ्रिओनिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं वेगळी टाकून, नुसतं सोयाबीन कमी करून मोकळं व्हायचं नाही. थ्रिओनिनकडे जरा जास्त लक्ष द्या, फायबर वाढलं की आतड्यात चिकट स्राव जास्त बनतो आणि तो बनवायला थ्रिओनिनच जास्त खर्च होतं, हे फॉर्म्युल्यात धरलं नाही तर हगवण थांबते पण वाढही थांबते आणि मग दोष कोंड्यावर येतो. चुनखडीची पावडर भरमसाट असेल तर तीही कमी करा, पोटातलं आधीच थोडं असलेलं आम्ल ती खाऊन टाकते. दोन आठवड्यांनंतर, पोट स्थिर झाल्यावर, हळूहळू बीट पल्प किंवा सोयाबीन टरफलं आणा.

कोणी म्हणेल एवढं कशाला, झिंक ऑक्साइड आहे ना. हो, जास्त डोसचं झिंक हगवण थांबवतं, त्यात वाद नाही. पण ते जवळपास सगळं मलातून जमिनीत जातं, आणि जंतूंमधला औषधांना दाद न देण्याचा गुण वाढण्याशीही त्याचा संबंध आहे, म्हणूनच युरोपियन युनियनने जून २०२२ पासून तो औषधी डोस बंद केला. जिथे चालतं तिथेसुद्धा झिंक घालून तोच फॉर्म्युला तसाच ठेवला तर झिंक काढलं त्या दिवशी तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

आता एक गोष्ट जी मला फॉर्म्युल्यापेक्षा जास्त वेळा गुन्हेगार वाटते. कागदावर फायबर बरोबर असतं, पण पिल्लाच्या तोंडात ते पोचतच नाही. मॅश, म्हणजे नुसतं दळून मिसळलेल्या, फीडमध्ये कोंडा हलका आणि टरफलं त्याहून हलकी, मीठ-मिनरल आणि चुनखडी जड आणि बारीक. मिक्सरमधून काढताना, पोत्यात भरताना, ऑगरने (स्क्रूच्या नळीने) फीडरपर्यंत नेताना हे वेगळं होत जातं. बघायचं असेल तर दुपारी, पिल्लं दोनदा खाऊन झाल्यावर, फीडरच्या कोपऱ्यात हात घालून तळाची मूठ बाहेर काढा आणि पोत्यातल्या ताज्या मुठीशेजारी पांढऱ्या कागदावर पसरा. ताज्या मुठीत कोंड्याचे पापुद्रे, मक्याचे कण, पिवळट पीठ सगळं मिसळलेलं दिसेल. तळाच्या मुठीत राखेसारखी बारीक भुकटी असेल आणि पापुद्रे वर एका बाजूला नाकाने सारलेले, कोरडे, तसेच पडलेले. पिल्लं निवडून खातात हो. मग जोरदार पिल्लू मका खाऊन जातं आणि मागून आलेल्या लहान पिल्लाच्या वाट्याला चुनखडी-मिनरलची भुकटी येते, आणि त्याच पेनमधून सुरुवात का होते याचं उत्तर तिथेच मिळतं. यावर उपाय साधे आहेत. मिश्रणात एक-दोन टक्के तेल टाका, भुकटी चिकटून राहते. फीडर काठोकाठ भरू नका, दिवसातून कमीत कमी एकदा तळ दिसू द्या. नाहीतर पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) घ्या किंवा पहिले काही दिवस पातळ लापशी करून थोडी-थोडी द्या, उरलेली दर वेळी फेकून, शिळी लापशी म्हणजे जंतूंची नर्सरी.

कोंडा आला की बुरशीचा प्रश्न आलाच. धान्यावरची बुरशी बाहेरच्या थरात जास्त असते आणि तोच थर कोंड्यात येतो, डीडीजीएसमध्ये (इथेनॉल काढून उरलेल्या धान्याच्या चोथ्यात) तर स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ मक्यातलं विष साधारण तिप्पट दाट होतं. कोंडा वाढवल्यावर पिल्लं फीडवरून तोंड फिरवायला लागली, उलट्या झाल्या, किंवा लहान माद्यांची योनी सुजून लाल दिसली तर फायबरला दोष देऊ नका, तो लॉट बाजूला काढा आणि टेस्ट करा. वास आला नाही म्हणजे बुरशी नाही असं समजायचं नाही.

पाणी थोडक्यात. फायबर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ते वाढवलं की पाणीही जास्त लागतं. पाणी प्यायच्या निपलखाली बाटली धरून एक मिनिट मोजा, तोडलेल्या पिल्लांना अर्धा ते एक लिटर मिळायला हवं. कमी असेल तर आधी प्लंबिंग, मग फॉर्म्युला.

पेनचं तापमान पहिल्या आठवड्यात २८ ते ३० अंश, वाऱ्याचा झोत नको. थंडीने एकमेकांवर चढून बसलेल्या पिल्लांना कुठलंही फायबर वाचवत नाही.

मोठ्या डुकरांची गोष्ट वेगळी आहे आणि इथेच लोक पिल्लांचा नियम लावून फसतात. ग्रोअर-फिनिशरमध्ये, म्हणजे वाढीच्या आणि विक्रीला आलेल्या डुकरांत, हगवणीत शेंबूड आणि रक्त दिसलं तर ब्रॅकिस्पायरा जंतूमुळे होणारी डिसेंट्री, लॉसोनिया जंतूचा आयलायटिस (लहान आतड्याची सूज) आणि ट्रायक्युरिस म्हणजे व्हिपवर्म हा जंत, तिन्ही तपासून घ्या. व्हिपवर्म हुबेहूब डिसेंट्रीसारखा दिसतो आणि त्याच्यावर जंताच्या औषधाऐवजी नुसती अँटिबायोटिक्स चालू राहतात. डिसेंट्रीत पिल्लांच्या उलट चित्र आहे, चिवट न आंबणारं फायबर, म्हणजे मक्याचं डीडीजीएस भरपूर, हे रोग लवकर पेटवतं असं दिसलंय, आणि त्याच्या जागी बीट पल्प किंवा बटाट्याचा रेझिस्टंट (लहान आतड्यात न पचणारा) स्टार्च, म्हणजे पटकन आंबणारं काहीतरी घातलं की रोग दबतो. इन्युलिन या आंबणाऱ्या फायबरचाही असाच फायदा प्रयोगांत मिळालाय. पण हे उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नाही. शेडमध्ये जंतू, उंदीर आणि जुना मळ ठेवून बीट पल्पने डिसेंट्री जाणार नाही.

फिनिशरमध्ये रंग फिका पडलेलं, धड न खाणारं, काळा डांबरासारखा मळ टाकणारं डुक्कर दिसलं तर जठराचा अल्सर. फार बारीक दळलेलं फीड हे त्याचं मोठं कारण. इथे जाड दळा आणि गव्हाचं काड किंवा गवत चघळायला टाका, इतकंच.

आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पिल्लांची आई. पिल्लू जन्मल्यापासून आईचा मळ चाटत असतं, पोटातले पहिले जंतू बरेचसे तिथूनच येतात. व्यायला आलेली डुकरीण दोन दिवस हगलीच नाही, नंतर सुक्या गोळ्या टाकल्या, की वीत लांबते, ती अंग टाकून बसते, दूध उशिरा आणि कमी उतरतं. चीक कमी मिळालेली पिल्लं हलकी राहतात, आणि तोडल्यावर पहिली हगवण लागते ती यांनाच. म्हणून माझं मत असं, की तोडलेल्या पिल्लांचा प्रॉब्लेम सोडवायला निघालात तर अर्धं लक्ष विण्याच्या पेनमध्ये द्या. गाभण डुकरिणीचं मोठं आतडं फायबर आंबवण्यात सगळ्यांत पुढे असतं, तिला सोयाबीन टरफलं किंवा बीट पल्प दहा टक्के आणि त्याहून जास्तही झेपतं. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा गाभण फीड फायबरचं आणि विण्याच्या पेनमध्ये नेल्या दिवशी एकदम दाट लॅक्टेशन (दूध पाजणाऱ्या आईचं) फीड. तो बदल विण्याच्या आधी आणि नंतर पाच-सात दिवस मिसळून करा, फायबर एका झटक्यात तोडू नका. पाणी इथे मिनिटाला दोन लिटरच्या खाली नको. तिच्या मळाला शून्य ते पाच असे मार्क द्या, शून्य म्हणजे काहीच नाही, तीन म्हणजे मऊ आणि आकार धरलेला, पाच म्हणजे पाणी, आणि तीनच्या खाली सलग दोन दिवस गेला तर तिथेच हालचाल करा, वीत होईपर्यंत थांबू नका.

बदल करताना एका बॅचला एकच गोष्ट बदला. कोंडा, प्रोटीन, तेल, अॅसिडिफायर (आम्ल वाढवणारं) आणि प्रोबायोटिक (चांगले जंतू) सगळं एकदम टाकलं आणि हगवण थांबली तर छानच, पण पुढच्या वेळी पैसे वाचवायला त्यातलं काय काढायचं ते कळणार नाही. दाराला एक कागद लावा, पेन नंबर, तोडल्यापासून कितवा दिवस, किती पिल्लं पातळ, फीडचा लॉट. वजन तोडताना आणि दोन आठवड्यांनी. हगवण कमी झाली पण वजनही पडलं तर फायबर जास्त झालंय किंवा थ्रिओनिन कमी पडतंय. हगवण एका ठरावीक पेनलाच येत असेल तर फीडर, निपल आणि झोत बघा. एका लॉटपुरती आली तर बुरशी. सगळ्या पेनला, सगळ्या लॉटला, त्याच दिवशी येत असेल, लॅबमध्ये एफ४ किंवा एफ१८ निघत असेल आणि वर सांगितलेलं सगळं जागेवर असेल, तर फॉर्म्युल्याशी खेळणं बंद करा आणि व्हेटशी तोंडावाटे द्यायच्या लसीबद्दल बोला. ती त्याच जातींवर चालते म्हणून लॅबचा रिपोर्ट सोबत न्या, आणि ती जिवंत लस असते, त्यामुळे देण्याच्या आगेमागे पाण्यातलं अँटिबायोटिक बंद ठेवावं लागतं.